तुटलेला दात काढायची घाई करू नका

पेडणे तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

"माझं वय ५८. शिगम्याच्या आधी जत्रेतलं खाजे चावताना वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. दुखत नव्हतं म्हणून तसंच सोडलं. या चवथीला नेवरी (करंजी) खाताना उरलेला दात हातात आला. हिरडीपाशी थोडा तुकडा राहिला आहे. खालच्या डाव्या बाजूच्या शेवटच्या दोन दाढा आधीच काढल्यात, एक चार वर्षांपूर्वी आणि तिच्यामागची दोन वर्षांपूर्वी. तेव्हापासून मी उजवीकडेच चावते. मार्गशीर्षात मुलीचं लग्न आहे. मुलगा जहाजावर असतो. तो म्हणतो, सगळीकडे इम्प्लांट करून घे, पैसे पाठवतो. ह्यांचं म्हणणं, या वयात एवढा खर्च कशाला. शेजारणीच्या ओळखीचा एक माणूस तुकडा काढून अर्ध्या दिवसात फिक्स दात बसवून देतो म्हणे. मला शुगर आहे, गेल्या महिन्यात तीन महिन्यांची साखर (HbA1c) ९.१ आली. हल्ली कुणाशी बोलायचं तर पदर तोंडाशी जातो. काय करू? आणि एक सांगायचं राहिलं, सकाळी मिशेरी लावायची सवय आहे."

ताई,

तुम्ही ज्याला 'थोडा तुकडा' म्हणता, तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाचं तेच वाटलं. वरचा पुढचा दात मुळासकट २२-२३ मिलिमीटर लांब असतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग हाडाच्या आत असतो. म्हणजे नेवरीबरोबर हातात आला तो दाताचा लहान भाग. मोठा भाग अजून जागेवर आहे आणि तो धड असेल तर त्याच्यावरच नवा दात उभा राहतो. म्हणून पहिली विनंती ही, की एक्स-रे काढून कुणी जाणकाराने बघेपर्यंत तो तुकडा कुणालाही काढू देऊ नका. आज काढला तर पुन्हा घालता यायचा नाही.

दुखत नव्हतं याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. कोपरा उडाला की आतला मऊ भाग उघडा पडतो, तिथून कीड आत शिरते आणि हळूहळू नस मरते. मेलेली नस दुखत नाही. ठणका लागतो तो नंतर, मुळाच्या टोकाशी पू धरला की. दात आतून पोखरत गेला असणार, म्हणूनच खाज्याने नुसता कोपरा उडवला आणि मऊ नेवरीने अख्खा दात खाली आणला. माझ्याकडे येणाऱ्यांतले कितीतरी जण हेच सांगायचे, 'डॉक्टर, काही कडक खाल्लंच नव्हतं हो.' दुखत नाही म्हणजे बरं आहे, हा हिशेब दातांना लागू पडत नाही.

आता त्या तुकड्याचं काय होऊ शकतं ते सांगते. एक्स-रेमध्ये मूळ उभं चिरलेलं नसेल आणि भोवतालचं हाड ठीक असेल, तर आधी रूट कॅनाल. तुमच्या भाषेत नस काढणं. पुढच्या दाताला बहुतेक वेळा एकच मूळ आणि एकच नळी असते, त्यामुळे हे काम मागच्या दाढेच्या मानाने पुष्कळ सोपं. एक ते तीन खेपांत होतं. भूल देऊन करतात आणि नस आधीच मेलेली असेल तर दुखण्यासारखं फार उरतही नाही. मग त्या स्वच्छ केलेल्या नळीत फायबरची बारीक काडी चिकटवतात, तिच्या आधाराने पांढऱ्या मसाल्याचा बुंधा उभारतात आणि त्यावर कॅप बसवतात. कॅप टिकेल की नाही हे मात्र काडीपेक्षा तुमच्या स्वतःच्या दातावर ठरतं. हिरडीच्या वर सभोवार दीड-दोन मिलिमीटर धड दाताची कड शिल्लक असेल, तर पिंपाला लोखंडी पट्टी बसावी तशी कॅप तिला घट्ट धरते. कड तेवढी नसेल तर कधी हिरडी थोडी कमी करून ती मिळवता येते. हे डॉक्टरांना तुम्ही स्वतः विचारा: 'कड किती उरली आहे?' या एका प्रश्नावरून समोरचा माणूस नीट बघतो आहे की नाही, तेही तुम्हाला कळेल.

रंगाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण लग्नाचे फोटो जन्मभर भिंतीवर राहतात. कॅपचा रंग दिवसाच्या उजेडात, खिडकीशी बसून ठरवायचा असतो, दवाखान्यातल्या दिव्याखाली नाही. आणि भेट सुरू झाल्या झाल्या ठरवायचा, कारण तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकतात आणि असतात त्याहून पांढरे दिसू लागतात. मिशेरीमुळे तुमच्या बाकीच्या दातांवर डाग असतील. ते आधी साफ करून घ्या आणि मगच रंग निवडा. कॅपचा रंग पुढे बदलत नाही. डागाळलेल्या दातांना जुळवून कॅप केली आणि नंतर दात साफ केले, तर तीच एकटी पिवळी दिसेल. कॅप पक्की चिकटवण्याआधी नुसती बसवून बघतात, तेव्हा तोंड मिटून गप्प बसू नका, बोला. मी माझ्या पेशंटना गावांची नावं म्हणायला लावायची. 'फोंडा, वास्को, वाळपई' म्हणताना वरच्या दाताची कड खालच्या ओठाला हलकेच लागली पाहिजे. दात लांब झाला असेल तर ओठ अडतो. 'सांगे, साखळी, सासष्टी' म्हणताना शीळ वाजली तर काहीतरी चुकलं आहे. त्या दोन मिनिटांत चूक सापडली तर दुरुस्ती सोपी असते, पक्कं बसल्यावर सोपी राहत नाही.

मूळच चिरलेलं निघालं तर दात काढावा लागेल, तो धीर आधीच बांधून ठेवा. तरीही लग्नात खिडकी दिसायचं कारण नाही. माप आधी घेऊन ठेवतात आणि दात काढतात त्याच दिवशी काढता-घालता येणारा तात्पुरता दात बसवतात. जखम भरून हाड स्थिरावायला तीनेक महिने द्यायचे आणि पक्कं काय ते मग बघायचं. ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात. साध्या ब्रिजसाठी शेजारचे दोन दात घासावे लागतात. तुमचे शेजारचे दात धडधाकट असतील तर मला ते जिवावर येतं. अशा वेळी मेरीलँड ब्रिज म्हणून एक प्रकार असतो, तो बसेल का हे विचारा. त्यात कृत्रिम दाताला मागून पंखासारखी पट्टी असते. ती शेजारच्या दाताच्या पाठीला चिकटवतात, घासणं जवळजवळ नसतंच.

शेजारणीच्या ओळखीच्या माणसाविषयी मला स्पष्ट लिहायचं आहे. त्याला मी ओळखत नाही, पण अर्ध्या दिवसात बसवलेले असले फिक्स दात मी माझ्या हाताने कितीतरी काढले आहेत. एका बाईंचं सांगते, त्याही साठीच्या आतल्या होत्या. तोंडाला वास येतो, नातू जवळ येत नाही, एवढीच तक्रार घेऊन आल्या होत्या. बघितलं तर एक दात गेलेला आणि त्या फटीत प्लास्टिकचा लगदा ओतून बसवलेला. तो दोन्हीकडच्या चांगल्या दातांना तारेने आवळला होता आणि हिरडीवर थेट टेकला होता. ब्रशचा केस जाईल एवढीही जागा नव्हती. मशीनने कापून तो तुकडा उचलला तेव्हा खाली हिरडी कच्च्या मांसासारखी लाल होती आणि दोन वर्षांचं अन्न तिथे कुजत पडलं होतं. आजूबाजूचे दोन्ही दात हलत होते, त्यातला एक काढावाच लागला. एका दाताची जागा भरायला गेल्या आणि दुसरा गमावून बसल्या. बाई रडल्या, आणि मला त्यांचा नाही, त्या गोष्टीचा फार राग आला होता. दाताचं काम करणाऱ्याचं नाव राज्याच्या डेंटल कौन्सिलमध्ये नोंदलेलं असावं लागतं, १९४८ च्या कायद्यापासून तसं आहे. नोंदणीचा नंबर विचारायला लाजू नका. तुमची साखर ९ च्या वर आहे. एक्स-रे नाही, उपकरणं निर्जंतुक केलेली की नाही ठाऊक नाही, अशा हातांनी तो तुकडा काढून घेतला तर जखम चिघळायला वेळ लागणार नाही.

आता डावीकडच्या दाढा. तुम्ही त्यांच्याबद्दल एकच ओळ लिहिलीत, कारण त्या दिसत नाहीत. मला मात्र पुढच्या दातापेक्षा त्यांचीच काळजी जास्त वाटते. काही वर्षं तुम्ही एका बाजूने खात आहात, म्हणजे दोन बाजूंचं काम उजव्या दाढा एकट्या ओढत आहेत. आणि डावीकडच्या वरच्या दाढांना खालून टेकू राहिलेला नाही. समोर कुणी नसलं की दाढ हळूहळू खाली उतरते. आरशात बघा, वरची डावी दाढ शेजारच्यांपेक्षा खाली आलेली दिसते का? ती जितकी उतरेल तितकी खाली नवा दात बसवायला जागा कमी. रिकाम्या जागेचं हाडही झिजतं. सगळ्यात जास्त झीज पहिल्या वर्षात होते, नंतरही थोडी चालूच राहते.

इथे ब्रिज होणार नाही, हे आधीच सांगते, म्हणजे कुणी सुचवला तर गोंधळ नको. पुलाला दोन्ही काठांवर खांब लागतो. तुमच्या शेवटच्याच दोन दाढा गेल्या, मागे अक्कलदाढ नसेल तर पलीकडचा खांबच नाही. पुढच्या दोन दातांवर मागे लोंबता ब्रिज करून देणारे असतात, पण दाढेवर चावण्याचा जोर मोठा. तो सगळा भार पुढच्या दातांच्या मुळांवर जातो आणि काही वर्षांत तेही हलतात.

राहिले तीन मार्ग. काढता-घालता येणारे दात, इम्प्लांट, किंवा जागा तशीच सोडणं. तिसऱ्या मार्गाचं नाव कुणी घेत नाही, पण तो खोटा नाही. वर-खाली मिळून २० दात नीट जुळत असतील तर बऱ्याच माणसांचं खाणं सुरळीत चालतं. गेलेला प्रत्येक दात भरलाच पाहिजे असं नाही. तुमच्या बाबतीत मात्र मी तो सुचवणार नाही, कारण तुम्ही डावी बाजू सोडूनच दिली आहे.

मुलगा मायेने म्हणतो आहे, त्याचं मन मोडू नका, पण त्याला हे वाचून दाखवा. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये ब्रोनमार्क नावाचे संशोधक सशाच्या हाडात टायटॅनियमची नळी घालून रक्तपुरवठा तपासत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर निघेना, हाड तिला चिकटून वाढलं होतं. त्यातून पुढे १९६५ मध्ये माणसाच्या जबड्यात पहिले असे दात बसले. म्हणजे इम्प्लांटचा सगळा भरवसा तुमच्या हाडाच्या भरून येण्यावर आहे. साखर वाढलेली असली की जखम भरणं मंदावतं, जंतूंचं फावतं. तंबाखूही त्याच्या आड येते. ९.१ वर आज कुठला जबाबदार डॉक्टर इम्प्लांटला हात लावणार नाही, आणि कुणी लगेच करायला तयार झालाच तर तुम्हीच थांबा. साखर सात-साडेसातच्या आसपास स्थिर राहिली तर शुगरवाल्यांचे इम्प्लांटही चांगले टिकतात. तेव्हा मुलाला सांगा, पैसे वेगळे ठेव, पुढच्या वर्षी बघू. तेव्हाही 'सगळीकडे' नको. पहिल्या दाढेच्या जागी एक इम्प्लांट झाला तरी डावीकडे चावता येईल. स्क्रू बसवल्यापासून त्यावर दाढ लागेपर्यंत साधारण तीन ते सहा महिने जातात, म्हणजे लग्नापर्यंत ते होणारही नव्हतं. खर्च एका दाताला पाच आकडी. आणि हाडाच्या ठिसूळपणासाठी आठवड्याला एक घ्यायची गोळी तुम्हाला चालू असेल, तर दात काढण्याआधी किंवा इम्प्लांटआधी ती सांगितल्याशिवाय राहू नका. त्या औषधांवर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. रक्त पातळ करायची गोळी असेल तर तीही सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

तोवर काढते-घालते दात करून घ्या. त्यातही दोन जाती. साधे प्लास्टिकचे स्वस्त पडतात, पण हिरडीवर बसतात आणि हळूहळू रुततात. पातळ धातूच्या सांगाड्यावर बनवलेले थोडे महाग, पण त्यांचा काही भार दातांवर टेकतो, तोंडात पसारा कमी आणि तुटतही नाहीत लवकर. परवडत असेल तर धातूचेच घ्या. पहिले आठ-पंधरा दिवस तोंडात गोटा घातल्यासारखं वाटेल, लाळ सुटेल, एखाद्या ठिकाणी टोचेल. टोचलं की घरी कानशीने घासू नका, दवाखान्यात जा, ते दोन मिनिटांचं काम असतं. सुरुवात उकड्या तांदळाच्या पेजेने करा, मग मऊ भात, मग मासे. उंडो आणि कांकणां हे कडक पाव महिनाभर नको. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायचे, गरम पाण्यात नाही, वेडेवाकडे होतात. धुवायला मऊ ब्रश आणि साबण. टूथपेस्टने प्लास्टिकवर चरे पडतात.

हे सगळं करण्याआधी हिरड्या. नवं घर बांधताना आधी पाया बघतात ना. साखर जास्त असली की हिरड्या सुजतात आणि सुजलेल्या हिरड्या साखर वर ढकलतात, दोन्हीकडून ओढाताण चालते. हिरड्यांची खोल सफाई करून घेतली तर तीन महिन्यांची साखरही थोडी खाली येते असं दिसून आलं आहे.

मिशेरीचं तुम्ही अगदी शेवटी लिहिलंत, पण लिहिलंत, याचं मला फार बरं वाटलं. बऱ्याच बायका ते सांगतच नाहीत. कित्येकींना आई-आजीकडून ती सवय दंतमंजन म्हणूनच मिळालेली असते, त्यात लाज वाटायचं काही नाही. पण मिशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती जिथे रोज घासली जाते तिथली हिरडी मागे सरते, मुळं उघडी पडतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका खरा आहे. आज आरशासमोर उभं राहून गालाची आतली बाजू, ओठाची आतली बाजू आणि जिभेच्या कडा बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, किंवा तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते दाखवा. एकदम सोडवत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर तंबाखू सोडायला मदत मिळते.

'या वयात कशाला' म्हणणाऱ्या घरच्यांना माझ्याकडून सांगा, की ५८ हे दात सोडून द्यायचं वय नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षं तुम्हाला जेवायचं आहे. नीट चावता येत नाही तो माणूस भाजी, सॅलड, चणे सोडतो आणि चहात पाव बुडवून खातो, आणि शुगर असलेल्याला तेच नको असतं. पदर तोंडाशी जातो हे तुम्ही लिहिलंत, ते वाचून मला वाईट वाटलं. मुलीच्या लग्नात तुम्ही मोकळेपणी हसावं, हेही कारण पुरेसं आहे. त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

खर्चाची काळजी असेल तर बांबोळीला जा. गोवा दंत महाविद्यालयाचं रुग्णालय तिथे गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) परिसरातच आहे. रूट कॅनाल, कॅप, कवळी, धातूचे दात, सगळ्याचे वेगवेगळे विभाग एका छताखाली आहेत आणि खर्च खाजगीपेक्षा बराच कमी. काम शिकणारे डॉक्टर करतात, पण वरिष्ठ प्रत्येक पायरी तपासतात, म्हणून वेळ जास्त लागतो आणि खेपा वाढतात. पेडण्याहून म्हापसा, पणजी करत जायचं, दिवस मोडतो हे खरं. म्हणून लग्नाच्या खरेदीत अडकण्याआधी, याच आठवड्यात पहिली खेप करा. पुढच्या दाताचं काम महिना-दीड महिन्यात आटोपेल. डावीकडचे दात तोंडाला सरावायला निदान तीन आठवडे हातात ठेवा. खाजगीत गेलात आणि कुणी कॅपची दहा-पंधरा वर्षांची वॉरंटी दाखवली, तर ती कॅप फुटण्याची असते हे ध्यानात घ्या. कॅपखालचा दात किडला तर ते कार्ड उपयोगाचं नाही, तिथे हिरडीलगत रोज ब्रशच फिरवावा लागतो.

जाताना उपाशी जाऊ नका. नाश्ता करून, शुगरची गोळी नेहमीसारखी घेऊन निघा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, साखरेचा रिपोर्ट आणि दाढा काढल्या तेव्हाचे एक्स-रे असतील तर तेही बरोबर घ्या. आणि तो चवथीला हातात आलेला दात टाकून दिला नसेल, तर डबीत घालून न्या. आकार जुळवायला त्याच्यासारखा नमुना नाही.